मार खाऊन काय बिघडलं?

'आम्ही काय कमी मार खाल्ला? बिघडलं का काही?' शाळेत शिक्षकाने मुलाला बडवल्याची बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकामंडळींचं हे वाक्य ठरलेलं. मी स्वीडनमधून काही बोलले की उत्तरही ठरलेलं: तुमच्याकडे सरकार मुलं उचलून नेतं!

काय बिघडतं ते १९९८ साली फेलिटी आणि आंडा या अमेरिकी डॉक्टरांनी छापलं. सॅन दिएगोत हजारो प्रौढांना त्यांनी बालपणाविषयी विचारलं: मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड. यांतलं चार किंवा जास्त प्रकारचं भोगलेल्यांत व्यसनं, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. हृदयविकार आणि यकृताचे आजारही जास्त. एखादा धपाटा म्हणजे हे नव्हे, मान्य. पण रोज धास्तीत वाढणाऱ्या पोराचं शरीर सतत सावध राहतं, आणि त्याची किंमत चाळिशी-पन्नाशीत वसूल होते. तेव्हा आपण दोष देतो तो बटाटेवड्याला.

उचलून नेण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं ताब्यात घेतली गेली, प्रकरण दिल्लीपर्यंत पोचलं. परक्या रीतीभातींकडे संशयाने बघणारी यंत्रणा घरं मोडू शकते.

म्हणूनच स्वीडनकडून उचलायचं ते वेगळं. १९७९ साली मुलांना मारायला घरातही बंदी घालणारा हा पहिला देश. कायद्याची माहिती तेव्हा दुधाच्या खोक्यांवर छापली होती. त्या कलमात स्वतंत्र शिक्षाच नाही. खरं काम करते ती बालआरोग्य केंद्रातली नर्स. बाळाचं वजन करता करता ती आईला विचारते, रडू येतं का, घरी मदत कोण करतं.

शाळेतल्या माराला आपल्याकडेही २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. कायदा आहे, विचारणारं माणूस कमी. तेही अगदीच नाही असं नाही: बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आशाताई घरी येतात. बाळ रडलं की घरात कोण काय करतं, आईवर कोणी हात उगारतं का, हे त्यांनी विचारावं. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण द्या आणि वेगळे पैसेही, कारण आधीच्याच कामाच्या मोबदल्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात.