कपडे कमी घ्यायचे नियम आणि त्यासाठी लागणारी खरेदी

तर मंडळी, कपाटाचं दार उघडलं की वरच्या कप्प्यातनं ओढणी डोक्यावर पडते आणि ती डोक्यावर असतानाच "घालायला काही नाहीये" हे वाक्य तोंडातनं निघतं, अशी वेळ आली असेल तर तुम्हाला नियमांची गरज आहे. निर्धार नको. निर्धार एक जानेवारीला करायचा असतो आणि चौदा जानेवारीला संक्रांत असते, काळी साडी लागते, विषय संपला. नियमाचं तसं नसतं, तो लिहून फ्रिजवर लावता येतो आणि मुख्य म्हणजे त्याला अपवाद असतो. मी गेली तीन वर्षं अतिशय काटेकोरपणे नियम पाळून कपडे घेतीये आणि आता आमच्याकडे दुसरं कपाट आलंय, तेव्हा जे सांगतीये ते अनुभवाने सांगतीये.

पहिला नियम सगळ्यांनाच माहितीये, एक आत एक बाहेर. नवीन कपडा घरात आला की जुना गेला पाहिजे. आता बारकाईने वाचा, "बाहेर" म्हणजे कुठे हे नियमात लिहिलेलं नाही. कपाटाच्या बाहेर म्हणजे दिवाणात. दिवाणाच्या बाहेर म्हणजे माळ्यावर, आणि माळा भरला की आईकडे, कारण आईच्या घरी तुमच्या दहावीच्या वह्या अजून आहेत तर चार कुर्त्यांनी काय होतंय. शिवाय कोणाचा कपडा बाहेर जायला हवा हेही लिहिलेलं नाहीये. आमच्या ह्यांचा ऑफिसातनं फुकट मिळालेला एक टीशर्ट होता, काखेत भोक, रंग कुठला ते कोणी सांगू शकणार नाही, तो मी माझ्या अनारकलीच्या बदल्यात बाहेर काढला. ते दोन दिवस बोलले नाहीत. पण हिशोब जुळला ना! आणि अगदीच मन होत नसेल टाकायला तर फडकं करा. आमच्याकडे सध्या गॅसची फडकी, खिडकीची फडकी, गाडीची फडकी आणि राखीव फडकी अशी विभागणी आहे.

दुसरा नियम थांबण्याचा. आवडलं की लगेच घ्यायचं नाही, कार्टमधे टाकायचं आणि तीस दिवस थांबायचं, तीस दिवसांनी आठवण राहिली तरच घ्यायचं. फार सुंदर नियम आहे हा. फक्त आठवण ठेवायचं काम तुम्हाला करावं लागत नाही, ते अ‍ॅप करतं, दुपारी भाजी फोडणीला टाकताना मेसेज येतो की तुमच्या कार्टमधलं काहीतरी तुमची वाट बघतंय, संध्याकाळी येतो की फक्त दोन शिल्लक, रात्री येतो की किंमत कमी झाली, म्हणजे सख्खी बहीण इतक्यांदा फोन करत नाही. तर थांबा. माझ्या कार्टमधे थांबून थांबून एकेचाळीस वस्तू झाल्या आणि मग सेल लागला. एकेचाळीसपैकी सव्वीस मी काढून टाकल्या. सव्वीस! इतका संयम दाखवल्यावर उरलेल्या पंधरा घेतल्या तर त्याला खरेदी म्हणत नाहीत, आणि वर साडेचार हजार "वाचले" असं बिलावरच लिहून आलं होतं. ते वाचलेले साडेचार हजार कशाला वापरायचे याचा नियम तुमचा तुम्ही करा.

तिसरा नियम गणिताचा, आणि हा नीट शिकून घ्या कारण हा सगळ्यात महाग पडतो. कपड्याची किंमत बघायची नाही, किंमत भागिले किती वेळा घालणार ते बघायचं. म्हणजे घरात घालायचा साडेचारशेचा गाऊन आठवड्यात चारदा धरला तर तीन वर्षांत सहाशेवेळा होतो, एका वेळेला पाऊण रुपया. या हिशोबाने खरं तर माणसाने गाऊनशिवाय काही घेऊच नये. पण भागाकारात खाली कुठला आकडा लिहायचा ते आपल्या हातात असतं, आणि तिथेच सगळी मजा आहे. आम्ही शिर्डीला गेलो होतो. येवला वाटेतच आहे. (पुण्याहून शिर्डीला जाताना येवला वाटेत लागत नाही, शिर्डीच्या पुढे तीसेक किलोमीटर आहे, पण दर्शन झाल्यावर माणसाचं मन मोठं होतं.) तिथे मागावरची पैठणी बघितली, विणणाऱ्या माणसाने पदर उलटा करून दाखवला, हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, आणि ते बघितल्यावर मी मनातल्या मनात भागाकाराला बसले. अठ्ठावीस हजार. माझी स्वतःची वापराची संधी म्हणाल तर दोन मुंजी आणि एक वास्तुशांत. पण मुलगी नेसेल, तिच्या लग्नात, मग तिच्या मुलीच्या बारशाला, मग ती मुलगी नेसेल, असं करत मी नव्वदपर्यंत आकडा नेला आणि एका नेसण्याला साधारण तीनशे अकरा रुपये पडले, एवढ्यात तर हल्ली कुर्ती पण येत नाही. मुलगी चौथीत आहे. तिला मी विचारलं नाहीये.

ब्लाउज या गणितात धरायचा नसतो हे सांगायचं राहिलं. अस्तर, शिलाई, मागे लटकन, फॉल-पिको, मॅचिंग परकर, हे सगळं "मेंटेनन्स" मधे जातं. कधीकधी नऊशेच्या साडीला अकराशेचा मेंटेनन्स येतो, पण गाडीला येतोच की.

चौथा नियम हल्ली जोरात आहे, विचारपूर्वक आणि पर्यावरण जपून घ्यायचं. एका सुती टीशर्टला कापूस पिकवण्यापासून धरून साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असं मी वाचलं आणि हादरलेच. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरवरनं भांडणं होतात आणि इथे माझ्या एका कप्प्यात अर्धं धरण घडी करून ठेवलेलं. मग पॉलिस्टर बघितलं तर ते पेट्रोलियमपासनं बनतं. म्हणजे माझं जुनं कपाट पूर्णपणे पापी निघालं, तेव्हा सगळं बाजूला काढून नव्याने, अगदी विचारपूर्वक, हातमागाचं घ्यावं लागलं, दुसरा इलाजच नव्हता. इरकल आली. खण आला. खणाचं काय आहे की कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणलेल्या त्या कापडाच्या पूर्वी चोळ्या शिवायचे आणि देवीची ओटी भरायचे, एवढंच, आता खणाचा कुर्ता, खणाची पर्स, खणाचं तोरण, खणाची फ्रेम, त्यामुळे एकदा कारागिरांना पाठिंबा द्यायचा म्हटलं की कुठल्या खोलीपर्यंत द्यायचा हा प्रश्न येतो. मी हॉलपासून सुरुवात केलीये. आणि हो, प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची नाही म्हणून प्रत्येक दुकानात कापडी पिशवी घेतली, त्या पिशव्यांना आता एक खण लागलाय, कपाटातला.

सणाचे अपवाद मात्र लेखी ठेवा, तोंडी ठेवलेत तर घरचे मानत नाहीत. नवरात्राचे नऊ रंग हे तर अपवादांचं गाठोडंच आहे, दरवर्षी वारानुसार रंगांचा क्रम बदलतो त्यामुळे पहिल्या दिवशी ऑफिसला पांढरं की पिवळं हे आधीपासून सांगता येत नाही, आणि राखाडी नावाचा रंग आपल्या आज्यांनी सणाला कधी अंगाला लावला नसेल पण आता प्रत्येकीकडे राखाडी साडी आहे, वर्षातनं एकदा नेसायची, मग ती ट्रेनमधे ग्रुप फोटो काढून परत कपाटात. २०२५ ला तर काय योग होता बघा, घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि जीएसटीचे नवे दर पण २२ सप्टेंबरलाच, तयार कपडा अडीच हजारापर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्यावर गेला तर १८. आधी हजाराच्या वर गेलं की १२ टक्के लागायचा. म्हणजे हजार ते अडीच हजारमधलं जे जे आपण कर फार म्हणून सोडलं होतं (मी सोडलं नव्हतं, पण सोडायला हवं होतं) ते सगळं आता घेणं भागच होतं, आणि एक तीन हजाराचा घेण्यापेक्षा चोवीसशेचे दोन घेणं हे कुठल्याही सीएला विचारा, शहाणपणाचं आहे. त्यात ती नवरात्र पण दहा दिवसांची आली. हीच २२ सप्टेंबर तारीख, १९२१ साली, मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून नुसता पंचा नेसायला सुरुवात केली. मला हे मुलीच्या अभ्यासातनं कळलं आणि मी पुस्तक मिटलं.

रोख पैशांचा नियम थोडक्यात सांगते. यूपीआय बंद ठेवायचं, पाकिटात पाचशेची एकच नोट ठेवायची आणि तुळशीबागेत फक्त रामाच्या दर्शनाला जायचं. राम आहे तिथे खरंच, देऊळ आहे, पण देवळापर्यंत पोचायला बाजारातनं जावं लागतं यात माझा काय दोष. नोट संपल्यावर मैत्रिणीच्या फोनवरनं स्कॅन करायचं, ते उधार असतं, खरेदी नसते.

आता एवढे नियम पाळून झाल्यावर कपाट आवरावं लागतं. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत कित्येक वर्षांनी बोहारीण आली. मला लहानपणचं आठवलं, आई आणि बोहारीण दुपारभर घासाघीस करायच्या, दोन पँटी आणि एक साडीवर मोठं पातेलं मिळायचं आणि आई शेवटी झाकणही काढून घ्यायची. मी अकरा कपडे घेऊन खाली गेले, को-ऑर्ड सेट, दोन प्लाझो, फुलाफुलांचे टॉप, चारांवर तर टॅग तसाच. तिने एकेक हातात धरला, चिमटीत चोळून बघितला, आणि बाजूला ठेवला. "ताई, हे कोन घेत न्हाय. सुती हाय का? चादर? सायबाची पँट?" मी म्हटलं अहो नवे आहेत, घातले पण नाहीत. ती म्हणाली, "तुमीच घातलं न्हाय तर दुसरं कोन घालंल." शेवटी अकराच्या अकरा तिने घेतले ते बहुतेक माझ्याकडे बघून, आणि एक चहाची गाळणी दिली. प्लॅस्टिकची.

वर येऊन मी गाळणी ओट्यावर ठेवली आणि वहीत नोंद केली. अकरा बाहेर.

म्हणजे नियमाप्रमाणे अकरा आत यायचे बाकी आहेत.