शेवटचा हात सिस्टरचा, म्हणून सगळी चूक सिस्टरची?

सध्या फोनवर एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: रुग्णालयात चुकीचं इंजेक्शन किंवा चुकीची गोळी दिली जाते ती निव्वळ सिस्टरच्या हलगर्जीपणामुळे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ एवढ्या पाच गोष्टी पाहिल्या की चूक होणं शक्यच नाही. ज्या पाहत नाहीत त्यांच्यातल्या एकदोघींना तुरुंगात टाका, बाकीच्या आपोआप सुधारतील. नाहीतर परदेशासारखे बारकोड बसवा, म्हणजे प्रश्नच मिटला. आणि नातेवाइकांना सल्ला: तुम्हाला यातलं कळत नाही, मध्ये बोलू नका.

मी बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधं कशी द्यायची ते शिकवते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. ज्यांच्या घरातलं माणूस औषधाच्या चुकीने गेलं त्यांना चिडण्याचा पूर्ण हक्क आहे. पण यातल्या म्हणण्यावर विसंबून राहिलो तर पुढचा रुग्ण वाचणार नाही, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देते आहे.

"सगळी चूक सिस्टरच्या हलगर्जीपणाची."

औषध रुग्णाच्या शरीरात जाण्याआधी बऱ्याच हातांतून जातं. डॉक्टर ते लिहितात किंवा तोंडी सांगतात, कुणीतरी ते ट्रीटमेंट शीटवर उतरवून घेतं, फार्मसीतून ते येतं आणि मग सिस्टर ते देते. बॉस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत हा सगळा प्रवास तपासला गेला आणि १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली अशा प्रसंगांमागच्या चुकांपैकी ३९ टक्के लिहितानाच झाल्या होत्या, १२ टक्के उतरवून घेताना, ११ टक्के फार्मसीत आणि ३८ टक्के प्रत्यक्ष देताना. म्हणजे दहातल्या सहा चुका औषध ट्रॉलीवर येण्यापूर्वीच झालेल्या होत्या. लिहिताना झालेल्या जवळपास निम्म्या चुका पुढे कुणाच्या तरी लक्षात आल्या आणि थांबल्या. त्या थांबवणाऱ्यांत सिस्टर आघाडीवर होत्या. देताना झालेली चूक मात्र जवळजवळ कधीच पकडली गेली नाही, कारण तिथून पुढे तपासायला कुणी उरतच नाही. लोकांना तो शेवटचा हात तेवढा दिसतो आणि दोष तिथेच जाऊन थांबतो.

आपल्याकडे या प्रवासात आणखी एक टप्पा आहे. रात्री नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली जाते आणि तो बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणतो. लिहिलेला ब्रँड नसला तर "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरा मिळतो. मग ट्रीटमेंट शीटवर एक नाव, हातातल्या खोक्यावर दुसरं, आणि दोन्हींत औषध खरोखर तेच आहे का हे पाहण्याचं काम रात्रपाळीच्या सिस्टरवर येऊन पडतं.

नावांचा हा गोंधळ थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' ही मलेरियावरची दोन औषधं; एकात आर्टेसुनेटचं इंजेक्शन, दुसऱ्यात मेफ्लोक्विनची गोळी. कॅडिला हेच नाव लावणाऱ्या दोन कंपन्यांमधला तो वाद होता. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालापेक्षा अधिक कडक कसोटीवर तपासला पाहिजे, कारण इथला गोंधळ जीवावर बेतू शकतो. आणि डॉक्टर व फार्मासिस्ट जाणकार असले तरी त्यांच्याकडूनही चूक होऊ शकते. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हा नियमही २०१६ मध्ये आला. तुमच्या घरातला केसपेपर काढून तो किती पाळला जातो ते स्वतःच पाहा.

"पाच गोष्टी पाहिल्या की चूक अशक्य."

हे विधान वरवर सगळ्यांत पटणारं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. या पाच गोष्टी मी स्वतः शिकवते आणि त्या पाठ असायलाच हव्यात. पण कुठे पोचायचं तेवढंच त्या सांगतात. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्थाही हेच सांगत आली आहे, की या पाच गोष्टी हे उद्दिष्ट आहे, ते गाठण्याची व्यवस्था रुग्णालयाने उभी करायची असते.

योग्य मात्रा घ्या. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. वॉर्डातली नेहमीची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची. पेनमधली कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० युनिटच्या. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. समजा नातेवाइकाने १०० ची बाटली आणली आणि ट्रेमध्ये सिरिंज ४० ची आहे. डॉक्टरांनी २० युनिट लिहिलंय, सिस्टरने बरोबर २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं. रुग्णाच्या अंगात गेलं ५० युनिट. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मार्ग आणि वेळ बरोबर, सिरिंजवरचा आकडासुद्धा बरोबर. आणि मध्यरात्री रुग्णाची साखर उतरून तो घामाघूम, बेशुद्ध. जोडी उलटी झाली, तर २० ऐवजी ८ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सकाळी राऊंडला डोस वाढवला जातो. यावर उपाय "लक्ष दे" हा नाही. वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवणं, त्याची सिरिंज त्याच डब्यात ठेवणं आणि टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे तपासणं, हे उपाय आहेत. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिण्याची सक्तीही हवी. घाईत लिहिलेलं इंग्रजी 'यू' शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात.

योग्य रुग्णाचंही तसंच. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी दोनतीन पाटील असतातच, त्यांत दोन सुनीता असणंही नवलाचं नाही. "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतली, कमी ऐकू येणारी किंवा नुसती घाबरलेली बाई "हो" म्हणते. म्हणून मी शिकवते, नाव आपण उच्चारायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि ते मनगटावरच्या पट्टीवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचं. बेडचा नंबर ही ओळख नव्हेच, संध्याकाळपर्यंत पंख्याखालचा बेड मिळाला म्हणून रुग्ण हललेला असतो. पण ही पट्टीच छापली नसेल तर ताडायचं कशाशी?

आणि हे सगळं करायला सलग वेळ लागतो. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या मागे उभं राहून ४,२७१ वेळा औषध देताना निरीक्षण केलं गेलं. २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा मध्येच कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक औषधाच्या प्रत्यक्ष चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत होत्या. आता आपला वॉर्ड आठवा. औषधं काढताना फोन वाजतो, एका बेडची सलाईन संपते, दुसरा नातेवाईक रिपोर्ट विचारतो, डॉक्टर राऊंडला हाक मारतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. ज्यांनी सरकारी वॉर्डात नातेवाइकाजवळ जमिनीवर रात्र काढली आहे, त्यांना प्रत्यक्षातला आकडा मी सांगायची गरज नाही. या परिस्थितीत पाच गोष्टी न पाहिल्याबद्दल एकट्या बाईला जबाबदार धरणं मला अन्याय वाटतो.

"एकदोघींना तुरुंगात टाका, बाकीच्या सुधारतील."

हा प्रयोग झालेला आहे, तेव्हा अंदाज करत बसायला नको. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर जवळजवळ नक्की मृत्यू. त्याच रुग्णाला अनेकदा दुसरं एक औषध मणक्यातून द्यायचं असतं आणि दोन्ही सिरिंजमध्ये भरून येतात. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोत १६ वर्षांचा एक मुलगा असा गेला. दोन तरुण डॉक्टर सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरले. १९९३ मध्ये अपिलात ते सुटले. साऱ्या देशाने ते पाहिलं. तरी २००१ च्या जानेवारीत नॉटिंगहॅममध्ये हीच चूक पुन्हा झाली आणि १८ वर्षांचा तरुण गेला. तिथेही खटला, तिथे तर डॉक्टरला तुरुंगवास. शिक्षेच्या धाकाने ही चूक थांबायची असती तर नॉटिंगहॅम घडलंच नसतं.

उपाय भलतीकडूनच आला. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून लावायचं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये हीच सूचना दिली. मणक्याच्या सुईला सलाईनची पिशवी जोडायला कुणाचा हातच धजणार नाही. थकलेला असो, नवखा असो, त्याला चूक करायला वाटच उरत नाही. सलाईनमध्ये मिसळून द्यायच्या पोटॅशियम क्लोराइडचंही तेच. १० मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. न मिसळता थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. आणि ते अनेकदा डिस्टिल्ड वॉटरसारख्याच पारदर्शक अँप्यूलमध्ये येतं, ज्या पाण्यात आपण दिवसभर अँटिबायोटिक मिसळत असतो. ही दोन शेजारी ठेवलेली ट्रॉली मी पाहिलेली आहे. तिथे शिक्षेची पाटी लावून काही होत नाही, पोटॅशियम ट्रॉलीवरून हलवून कुलपात ठेवावं लागतं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधली घटनाही हा मजकूर पाठवणारे उदाहरण म्हणून देतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात एका परिचारिकेने औषधाच्या कपाटाच्या यंत्रावर मिडाझोलामच्या 'व्हर्सेड' या ब्रँडनावाची पहिली दोन अक्षरं, 'व्हीई', टाइप केली, सुरक्षेचा अडसर ओलांडला आणि मिडाझोलामऐवजी वेक्युरोनियम काढलं. एक झोप आणणारं, दुसरं श्वासाचे स्नायू बंद पाडणारं. ७५ वर्षांची रुग्ण दगावली. त्या परिचारिकेच्या चुका गंभीर होत्या, बाटलीच्या टोपणावर इशारा छापलेला होता, हे मी झाकणार नाही. पण तिने चूक लगेच स्वतःहून सांगितली, आणि रुग्णालयाने मात्र ती नियामकांना कळवली नाही. निनावी तक्रारीनंतर प्रकरण बाहेर आलं. २०२२ मध्ये ती दोषी ठरली, तुरुंगाऐवजी तीन वर्षं देखरेखीखाली (प्रोबेशनवर) राहण्याची शिक्षा झाली. यातून जगभरच्या परिचारिका काय शिकल्या असतील? सांगणारी अडकते, एवढंच.

आपल्या कायद्याची बाजूही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय पदवीधारकांपुरती आहे, परिचारिकेला नाही. म्हणजे डॉक्टरने चुकीचं लिहिलं आणि सिस्टरने ते दिलं, तर कागदावर जास्त शिक्षेची टांगती तलवार तिच्यावर. तुम्ही तिच्या जागी असता तर थोडक्यात टळलेली चूक रजिस्टरमध्ये लिहिली असती का? आणि ती लिहिली गेली नाही तर पोटॅशियम आणि पाण्याची ती दोन अँप्यूल शेजारी आहेत हे कुणाला कळणार? जाणूनबुजून केलेलं, नशेत केलेलं, लपवण्यासाठी कागद बदललेले असं काही असेल तर शिक्षा व्हावीच. ती वेगळी गोष्ट आहे.

"बारकोड बसवा, प्रश्न मिटला."

औषध देण्याआधी त्याच्यावरचा आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरचा बारकोड स्कॅनरने ताडून पाहायचा, ही पद्धत उपयोगी आहे. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात ती आल्यावर, वेळेच्या चुका सोडून, औषध देण्यातल्या बाकी चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. कमी झाल्या, संपल्या नाहीत. शिवाय स्कॅनर चालत नाही, पट्टी ओली झाली, रुग्ण झोपलाय अशा कारणांनी पळवाटा निघतात. पट्टीची प्रत टेबलावर चिकटवून तीच स्कॅन केल्याचंही तिकडे नोंदवलेलं आहे. आपल्याकडे मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कापून चार गोळ्या देतो, त्या तुकड्यावर कधी नावही नसतं आणि मुदतही नसते. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला हे चांगलंच, पण कापलेल्या तुकड्यावर तो येईलच असं नाही.

"नातेवाइकांनी मध्ये बोलू नये."

जरूर बोलावं, मात्र सिस्टर ट्रॉलीवर औषधं काढत असताना नको. ती बेडजवळ आल्यावर. "हे कशाचं आहे?", "सकाळी वेगळ्या रंगाची होती, बदलली का?", "यांना पेनिसिलिन चालत नाही, लिहिलंय ना?" एवढे तीन प्रश्न पुरतात, आणि चांगली सिस्टर त्यांचा राग धरत नाही. बाहेरून औषध आणलंत तर अख्खी पट्टी आणा आणि बिलासकट द्या. आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, पिशवीत घालून भरती होताना दाखवा.

घरी जाताना तर विचारायलाच हवं. सांधेदुखीवरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. डिस्चार्ज कार्डवर वार लिहून मागा, "दर सोमवारी" असा. तिच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं आणि बऱ्याचदा दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्याच असतात, तेव्हा त्या एका डबीत ठेवू नका.