हालश्टाइनवरच्या त्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार,

माझ्या ब्लॉगवर जर्मनीच्या वाल्टर हालश्टाइन यांना मी मुत्सद्दी म्हटलं, त्यावरची तुमची कमेंट रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं म्हणून आज सकाळी चहा घेऊन बसलोय. आधी तुमचं बरोबर तेवढं मान्य करतो. वाल्टर हालश्टाइन युरोपियन आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले ते जानेवारी 1958 मध्ये, मी 1957 लिहिलं होतं, तो रोमच्या कराराचा सन, म्हणजे ज्या कराराने युरोपियन आर्थिक समुदाय (आजच्या युरोपियन युनियनचा पूर्वज) उभा राहिला त्याचा. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य. "आयुष्यभर प्रोफेसरकी केलेल्या माणसाला मुत्सद्दी म्हणायचं, विकिपीडिया वाचून ब्लॉग लिहिले की असंच होतं." अहो, आयुष्यभर? कायद्याचे प्रोफेसर होते, नाही कोण म्हणतंय, अमेरिकेत युद्धकैदी होते तेव्हाही मिसिसिपीच्या छावणीत कैद्यांसाठी विद्यापीठ काढून बसले होते. पण 1950 ला शूमन योजनेच्या (युरोपातल्या देशांचा कोळसा-पोलाद एकत्र आणायची योजना) वाटाघाटींना पॅरिसला जर्मन शिष्टमंडळ घेऊन गेलं कोण? 1951 पासून पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र खात्याचे सचिव कोण, आणि तेव्हा चॅन्सेलर आडेनाउअरच परराष्ट्रमंत्रीही होते, मग रोजचं खातं कोणाच्या गळ्यात पडत असेल? पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्या देशाशी संबंध तोडायचे, या धोरणाला नाव पडलं ते यांचंच (मूळ डोकं बरंचसं त्याच खात्यातल्या विल्हेल्म ग्रेवेंचं, माहितीये मला, लगेच टाइप करायला घेऊ नका). 1957 ला युगोस्लाव्हियाशी खरंच तोडले. आपल्या दिल्लीनेसुद्धा पूर्व जर्मनीला मान्यता दिली ती थेट 1972 मध्ये. एवढं सगळं वर्गात फळ्यावर झालं का?

आणि विकिपीडियाचं म्हणाल तर मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलोय, नंतर फ्रँकफर्टला 6 वर्षं काढलीत, जिथे हे गृहस्थ 1946 ला विद्यापीठाचे रेक्टर (म्हणजे कुलगुरू) झाले त्याच गावात. शनिवारी बाकीचे ग्रिल करायचे तेव्हा मी लायब्ररीत असायचो, बायको अजून ऐकवते त्यावरून.

राहिला 1965 चा पेच, जो तुमच्या मते त्यांनीच ओढवून घेतला. समुदायाच्या शेतीच्या पैशाला युरोपियन पार्लमेंटच्या अधिकारांची गाठ मारली, वर प्रस्ताव सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या आधी पार्लमेंटपुढे नेला, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल भडकले, मंत्र्यांच्या बैठकांत फ्रान्सची खुर्ची सात महिने रिकामी. असेल थोडी घाई. पण द गॉलना निमित्तच हवं होतं हो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथे नको.

आणि शेवटी ते "गुरुजी, अभ्यास वाढवा" काय प्रकार आहे? वयाने मोठे असाल तर नमस्कार, नसाल तर जरा जपून. कमेंट उडवत नाहीये, राहू दे.