संशयित क्रमांक एक

ऑफिसात बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, सापडत नाही तेव्हा माणूस शोधतात. तो बहुधा मीच असतो, कारण मी वेळेवर येतो आणि जागेवर बसलेला असतो. म्हणूनच आमच्या सरांनी बग शोधायला शास्त्रीय पद्धत आणायचं ठरवलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आता यंत्र बोट दाखवणार होतं, आणि तेही कोडच्या ओळीकडे.

पद्धत तशी सोपी. प्रोग्राम नीट चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट चालवायच्या. जी ओळ नापास टेस्टमध्ये सारखी हजर आणि पास झालेल्यांत गैरहजर, तिच्यावर संशय जास्त. जॉर्जिया टेकच्या मंडळींनी २००२ मध्ये ‘टॅरँटुला’ नावाच्या साधनात हे रंगवूनच दाखवलं: संशयित ओळी लाल, सज्जन ओळी हिरव्या. पुढे संशयाचे गुण मोजायला ओचियाईंचं सूत्र आलं. हे अकिरा ओचियाई संगणकवाले नव्हेत. ते जपानच्या समुद्रातल्या चपट्या माशांचे, म्हणजे आपल्या लेप्याच्या भाऊबंदांचे अभ्यासक. त्यांचं १९५७ सालचं सूत्र आता माझ्या कोडला लावतात. मी मालवणचा, लेपा तळल्यावर कसा लागतो ते मला ठाऊक होतं. तो माझं अप्रेझल ठरवेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या संशयित ओळींची यादी आली. पहिल्या नंबरावर अख्खा ब्लॉक, सगळ्या ओळींना सारखेच गुण. बरोबरच आहे, त्या चालतात एकत्रच, तर यंत्र वेगळं काय सांगणार? २०११ मध्ये पार्निन आणि ऑर्सो या संशोधकांनी प्रोग्रामरांच्या हातात अशी यादी दिली, तर ते वरून खाली क्रमाने जाईनात, मध्येच उड्या मारू लागले. यात संशोधन कसलं? पहिली ओळ टीम लीडने लिहिलेली असेल तर कुणीही उडी मारेल.

तरी इथवर ठीक होतं. मग टेस्टना रात्र पुरेना, तेव्हा सर म्हणाले, “समांतर चालवा की! कोअर वाढवून घ्या.” कोअर म्हणजे मशीनचे काम करणारे हात.

बेल लॅब्जच्या रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी १९६० च्या दशकातच दाखवून ठेवलंय की हात वाढले की काम लांबूही शकतं. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात नऊ कामं तीन प्रोसेसर १२ एककांत उरकतात, चौथा आला की १५ लागतात. लग्नघरात जादा मामा आला की होतं तेच. एक किरकोळ काम लवकर उरकतं, त्यावर अडलेली चार मध्यम कामं एकदम मोकळी होतात, सगळे हात त्यांत अडकतात आणि सगळ्यांत लांबलचक काम ताटकळत बसतं.

आमच्याकडे वर आणखी एक भानगड झाली. दोन टेस्ट एकाच तात्पुरत्या फाइलवर लिहीत होत्या. एकामागून एक चालायच्या तेव्हा भांडण नव्हतं. आता जी आधी पोचेल ती पास, दुसरी नापास. कोण आधी पोचणार ते पाळी वाटणाऱ्या शेड्युलरच्या मर्जीवर. त्यामुळे सोमवारी लाल असलेली ओळ मंगळवारी हिरवी. नीट पाहावं म्हणून मी लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना करतो त्या नोंदी, वाढवला, तर वेळा बदलल्या आणि बग गुल! लॉग काढला की हजर.

सरांनी आता याहून मोठं मशीन मागवलंय. मी त्यांना ग्रॅहॅम यांचा पेपर पाठवला. लगेच उत्तर आलं: “छान दिसतोय. मोठा आहे, चौघांत वाटून वाचा, लवकर होईल.”