तांब्याच्या पत्र्यातून पेट्रोल? जरा थांबा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय: तांब्याचा पत्रा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं फुकट पेट्रोल करतो आणि शास्त्रज्ञांनी लेझरने हे ‘डोळ्यांदेखत’ पाहिलंय.

यात तथ्य आहे, पेट्रोल मात्र नाही. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरी यांच्या गटाने १९८५-८६ मध्ये दाखवलं की पाण्यातल्या तांब्याच्या इलेक्ट्रोडला वीज दिली की या वायूपासून मिथेन, इथिलीन असे पदार्थ मिळतात. वीज बाहेरूनच द्यावी लागते, त्यामुळे ‘फुकट’ हा शब्द आधी खोडा. शिवाय हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, प्रयोगात सहसा शुद्ध वायूचे बुडबुडे सोडतात.

आता लेझर. रामन स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे लेझरचा प्रकाश टाकून विखुरलेला प्रकाश तपासण्याच्या पद्धतीत, रेणूचा फोटो निघत नाही; दिसतात ती अणूंमधल्या बंधांची कंपनं, आलेखावरच्या शिखरांच्या रूपात. मधल्या टप्प्यावर बनून तांब्याला चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडचं शिखर साधारण २००० ते २१०० प्रति सेंटिमीटरच्या (कंपन मोजायचं एकक) पट्ट्यात येतं. ते खरंच आपण सोडलेल्या वायूतूनच आलं कशावरून? त्यासाठी कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरतात. अणू जड, कंपन मंद; शिखर पन्नासेक एककं खाली सरकतं. सरकलं नाही, तर कार्बन दुसरीकडूनच, बहुधा कुठल्यातरी अशुद्धीतून आलाय असं समजायचं.

तरीही एक मेख उरतेच (आणि फॉरवर्ड करणाऱ्यांना ती नको असते): ठळक दिसणारा रेणू अभिक्रियेत भाग घेतोच असं नाही. कधीकधी तो नुसता बघ्या असतो. खरं काम करणारा इतका अल्पायुषी, की त्याचं शिखर गोंगाटातच बुडतं.