प्राणहिता नदीत रात्री जाळं टाकायला केंद्राची बंदी? खुलासा

‘दोन राज्यांच्या सीमेवरील नद्यांत रात्री मासेमारी करण्यास केंद्राची बंदी, एलईडी दिवा दिसला की डोंगा जप्त’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, ती समुद्रासाठी. १ जून ते ३१ जुलै ही आपली पावसाळी बंदीही समुद्रातलीच. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवर, प्राणहितेकाठच्या सिरोंच्याच्या डोंग्याचा या बंद्यांशी काय संबंध?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत आहे, नोंद २१. आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे, हे खरं. पण ते नद्या आणि खोऱ्यांच्या नियमन-विकासापुरतं. मासळीचे नियम ज्या त्या राज्याचे. म्हणून प्राणहितेच्या अलीकडे महाराष्ट्राचा १९६० चा मत्स्यव्यवसाय कायदा लागू आणि पलीकडे तेलंगणाचे नियम. खरी गोची इथेच आहे: जाळं अंधारात वाहत पलीकडे गेलं, तर इकडचा परवाना दाखवून भागेलच असं नाही.

मात्र मेसेज खोटा म्हणून सगळं मोकळं, असंही नाही. काठावरच्या चपराळा अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे निर्बंध आहेत. आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हाच, दिवसाही.