म्हणे, .२२चं रिव्हॉल्व्हर कधी अडतच नाही!

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. क्लबच्या रेंजवर नेमबाजी शिकायचीय? डोळे झाकून .२२चं (०.२२ इंची, बारीक गोळीचं) रिव्हॉल्व्हर घ्या. ते कधी अडत नाही, धक्का नाही म्हणून छोटंसं पुरतं, मॅग्नमचं (.२२च्याच जास्त जोरदार काडतुसाचं) घेतलं तर त्यात साधी काडतुसंही चालतात, आणि घरी काडतूस न घालता रिकामं चालवून फुकटात सराव होतो. मी स्वतः रिव्हॉल्व्हरवालाच, म्हणून राहवलं नाही.

आधी ते ‘अडत नाही’. पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलासारखं अडत नाही, इतकंच खरं. .२२चं काडतूस मळकट. दीडदोनशे बार झाले की चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, काजळी आणि मेणाचा थर बसतो, नवं काडतूस अंगठ्याने रेटावं लागतं आणि रिकाम्या पुंगळ्या निघता निघत नाहीत. एकदा माझं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता दंडगोल, फिरेचना. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण अडकले होते, मिठाच्या खड्याहून बारीक. तेव्हापासून खिशात जुना टूथब्रश असतो. शिवाय .२२ला हॅमरचा घाव काडतुसाच्या कडेवर जोरात बसावा लागतो. त्यामुळे डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरनेच हॅमरही मागे ओढताना, ट्रिगर जड लागतो. स्प्रिंग हलकी करून आणणारे हौशी असतात. मग नुसताच ‘टक’ आवाज येतो आणि बार उशिरा उडेल म्हणून नळी लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं.

‘छोटंसं पुरतं’ हा तर सगळ्यात महागात पडणारा सल्ला. धक्क्याचा इथे संबंधच नाही, प्रश्न नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यातल्या अंतराचा आहे. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर ते साधारण १९ सेंमी भरतं. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर ५० फुटांवर गोळी ८ सेंमी चुकते. माशी-खाचेतलं अंतर निम्मं केलंत की चूक १६ सेंमी. वजनाचंही तेच. स्मिथ अँड वेसनचं सहा इंची ६१७ सव्वा किलोच्या आसपास आहे, रुगरचं एलसीआर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं. हलकं हत्यार खिशात बरं, पण हातात ते प्रत्येक श्वासासरशी डुलतं.

मॅग्नमचं थोडक्यात: त्याचं चेंबर रुंद असतं. साधं काडतूस त्यात सैल बसतं, पुंगळी फुगते, फाटते. दोन वेगळी सिलिंडरं मिळणारं मॉडेल असेल तर गोष्ट वेगळी.

रिकामं चालवण्याबद्दल आधी त्या हत्याराची पुस्तिका उघडा. काही मॉडेलांना चालतं, काहींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते आणि मग काडतूस नीट बसत नाही. आमच्याकडे बरेच जण भिंतीत स्क्रूसाठी बसवतात ते पिवळे प्लॅस्टिकचे प्लग चेंबरमध्ये घालतात. डॉलरभरात काम होतं.

एक गोष्ट तो सल्ला सांगतच नाही. बुल्सआय स्पर्धेच्या रॅपिड फायरमध्ये १० सेकंदांत पाच बार काढायचे असतात. जड डबल अ‍ॅक्शन टाळायचं तर दर बाराला अंगठ्याने हॅमर ओढायचा, पकड पुन्हा बसवायची, माशी शोधायची. शेजारच्या लेनवरचा पिस्तूलवाला तोवर हात खाली घेऊन उभा असतो. स्पर्धेचाच विचार असेल तर सरळ पिस्तूल घ्या. निवांत, एकेक बार मोजून मारायचा असेल तर सहा इंची, जड, मागची खाच स्क्रूने हलवता येणारं रिव्हॉल्व्हर बघा, आणि विकत घेण्याआधी क्लबातल्या कुणाचं तरी मागून शंभरेक बार काढा. पुंगळ्या मात्र स्वतःच्या अंगठ्याने काढा.